भंडारदऱ्याच्या चाळीस फुटीत दोन रात्री

लेकीचा फोन आला. "बाबा, पाऊस लागायच्या आत भंडारदऱ्याला जाऊन या. काजवे बघा. तुम्ही, आई आणि आजी. दोन रात्रींचं बुकिंग केलंय, कंटेनरमध्ये." मी विचारलं, "वीस फुटी की चाळीस फुटी?" ती म्हणाली, "ते मला काय माहीत? फोटो छान आहेत."

मी १९९४ साली न्हावा शेव्याच्या बंदरात कंटेनर सर्व्हेअर, म्हणजे जहाजावर माल नेणाऱ्या पोलादी पेट्या तपासणारा, म्हणून लागलो आणि पुढची सव्वीस वर्षं आसपासच्या यार्डांतून तेच काम केलं. रिकामा बॉक्स परत आला की तो चारही बाजूंनी, वरून, खालून, आतून बघायचा. डेंट किती खोल, गंज कुठे, भोक कुठे, फळी कुठे उचकटली, वास कसला, सगळं लिहायचं. लोक आता ज्याच्यात हौसेने राहायला जातात त्याच्या आतबाहेर माझी नोकरी गेली. त्यामुळे हा अभिप्राय लांबलाय. जागेचं नाव मुद्दाम घालत नाही. काही दोष स्पष्ट लिहायचे आहेत आणि मालकाने ते दुरुस्त करायचा शब्द दिलाय, त्याला ती संधी मिळावी.

भाडं रात्रीचे साडेपाच हजार, तिघांचं, सकाळचा नाश्ता धरून. जेवणाचे वेगळे. उरणहून कसारा घाट चढून, घोटीला वळून शेंडी गावाला पोचेपर्यंत दुपारचे बारा वाजले. मे महिन्याचा शेवटचा आठवडा, ऊन मी म्हणत होतं.

गाडीतून उतरल्यावर बाकीचे सावलीत गेले, मी आधी डब्याला एक फेरी मारली. कारण कंटेनर म्हणून जाहिरात केलेल्या पुष्कळ जागा कंटेनर नसतातच. फॅब्रिकेशनच्या कारखान्यात लोखंडी सांगाडा करून त्याला पन्हाळीचा पत्रा मारतात, वर कंटेनरसारखा रंग देतात. ती पोर्टा केबिन. तिच्यात वाईट काही नाही, उलट आतून ती जास्त ऐसपैस करता येते. पण मग तिला कंटेनर म्हणू नये. खरा ओळखायचा तर आठही कोपरे बघावेत. प्रत्येक कोपऱ्याला ओतीव पोलादाचा जाड ठोकळा असतो आणि त्याला लांबट भोकं असतात. क्रेनची कडी त्यात अडकते, जहाजावर एकावर एक रचले की त्यातच लॉक बसतो. हा ठोकळा नुसत्या देखाव्यासाठी कोणी लावत नाही.

इथे ठोकळे होते. वरच्या कोपऱ्यांजवळ राखाडी रंगाखालून पिवळे-काळे तिरके पट्टे पुसट दिसत होते, म्हणजे हाय क्यूब. साडेआठऐवजी साडेनऊ फूट उंच. डाव्या दाराच्या खालच्या अंगाला रिव्हेट मारलेली पाटी जागेवर होती. मी रुमालाने पुसली. बनावट २००६ची, कमाल वजन ३०,४८० किलो, वर किती भार रचता येईल तो आकडा १,९२,००० किलो. १९७२च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येक बॉक्सला ही पाटी लागते. दारावरचा नंबर रंगाखाली गेलेला, पण स्टिकरच्या कडा उमटल्या होत्या. बोट फिरवून चार अक्षरं आणि सहा आकडे वाचले, आणि चौकटीतला शेवटचा पडताळणीचा आकडासुद्धा. बायको लांबून म्हणाली, "अहो, आपण राहायला आलोय, सर्व्हेला नाही." तरी तिने पाण्याची बाटली आणून दिलीच.

मालकाने पाटी काढली नाही याचं मला खूप बरं वाटलं. ती त्या वस्तूची कुंडली आहे. अमेरिकेत माल्कम मॅकलीनने २६ एप्रिल १९५६ला नेवार्कहून ह्यूस्टनला ५८ पेट्या जहाजाच्या डेकवर ठेवून पाठवल्या, तिथून हे सगळं सुरू झालं. आणि ज्या १९८९ साली आमचं न्हावा शेवा बंदर सुरू झालं, त्याच साली तिकडे फिलिप क्लार्क नावाच्या माणसाला कंटेनरचं राहण्याजोगं घर करण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळालं. म्हणजे कल्पना नवी नाही. आपल्याकडे ती हौस म्हणून आता दिसायला लागली एवढंच.

आत शिरल्यावर पहिलं काम नाकाचं. यार्डात आम्ही आत पाऊल टाकलं की आधी दीर्घ श्वास घ्यायचो. कातडी, मासळी, केमिकल, कांदा, जे वाहिलं त्याचा वास फळीत बसतो आणि वर्षानुवर्षं जात नाही. इथे वास नव्हता, कोपऱ्यात वाकून घेतला तरी नव्हता. खालची मूळची प्लायवूडची फळी २८ मिलिमीटर जाड असते आणि तिला किडीचं औषध पाजलेलं असतं, कारण ऑस्ट्रेलियासारख्या देशांना लाकडातून कीड आत यायला नको असते. त्या फळीवर अनवाणी चालणं, लहान मुलाने रांगणं मला पटत नाही. देखभाल करणाऱ्या दादांना विचारलं. त्यांनी बाथरूमच्या उंबऱ्याची पट्टी उचलून दाखवली: फळीवर इपॉक्सीचा थर, त्यावर सिमेंटबोर्ड, त्यावर व्हिनाइल. या कामाला पूर्ण गुण. हे फोटोत दिसत नाही, कोणी विचारतही नाही, तरी केलंय.

दुसरं काम दारांचं. कंटेनरची मूळची दारं फक्त बाहेरून बंद होतात, आतून उघडता येत नाहीत. आत अडकलेल्या माणसाची हाक बाहेर पोचत नाही, हे मी स्वतः एकदा अनुभवलंय. यांनी दारं दिसायला ठेवलीत, पण लॉकचे उभे दांडे पार काढून टाकलेत आणि आत काचेचं वेगळं सरकतं दार बसवलंय. तुम्ही कुठल्याही अशा जागेत गेलात तर हे एवढं तरी बघाच. दांडे शाबूत असतील तर मालकाला तिथल्या तिथे काढायला सांगा.

तिसरं काम म्हणजे उजेडाची परीक्षा. रिकाम्या डब्यात आत उभं राहून दारं ओढून घ्यायची, डोळे अंधाराला सरावले की छतापासून खालपर्यंत बघायचं. जिथून उजेड येतो तिथून पाणी येतं. दीडच्या उन्हात मी पलंगाच्या खोलीची दारं लोटली, पडदे ओढले आणि उभा राहिलो. दारांचं रबर वीस वर्षांचं असूनही घट्ट. छत निर्दोष. पण लांब भिंत कापून जी आठ फुटी काचेची खिडकी बसवलीय, तिच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात शिलाईच्या दोऱ्याएवढी उजेडाची रेघ होती. बोटभर लांब. बाहेर जाऊन बघितलं तर तिथलं सिलिकॉन उन्हाने तडकून कडेपासून सुटलं होतं. दादांना दाखवलं, म्हटलं, "इथून पाणी येणार." ते म्हणाले, "बघतो काका, पावसाळ्याच्या आत करून घेतो."

त्या खिडकीबद्दल एक चांगली गोष्ट मात्र लिहायला हवी. कंटेनरची भिंत जेमतेम दीड-दोन मिलिमीटर पत्र्याची असते. तिला ताकद येते ती पन्हाळीमुळे. रचलेला भार उतरतो चार कोपऱ्यांच्या खांबांवरून, पण पेटी वाकू नये, पिळू नये हे काम भिंतीच करतात. भिंत कापली की वरची कड झोल खाते, म्हणून कापलेल्या भोकाला सगळीकडून लोखंडी बॉक्स पाइपची चौकट वेल्ड करावी लागते. ती इथे नीट केली आहे. गच्चीवर बसायला लाकडी मचाण आहे, त्याचे पाय छताच्या पत्र्यावर टेकवलेले नाहीत, कोपऱ्याच्या ठोकळ्यांवर आडवे गर्डर टाकून उचललेत. छताची परीक्षा होते ती फूट बाय दोन फूट जागेवर ३०० किलो एवढीच, म्हणजे दोन माणसं उभी राहून काम करतील इतपत. तिथे टेबल-खुर्च्या मांडून दहा जणांची मैफल बसवणाऱ्या जागा मी फोटोंत पाहिल्यात, अंगावर काटा येतो. इथे ज्याने वेल्डिंग केलं त्याला काम कळतं.

आता दोष. सगळ्यात मोठा दोष रंगाचा आणि छताचा. डबा गडद राखाडी रंगवलाय, जवळजवळ काळा. फोटोत तो हिरव्या डोंगरापुढे देखणा दिसतो, मान्य. पण मेच्या दुपारी पोलादाच्या पेटीला काळा रंग म्हणजे तवा. वर सावली काहीच नाही, मचाण आहे तेही छताच्या एक तृतीयांशावर. एसी चालू होता तोवर ठीक. तीन वाजता लाईट गेली. इन्व्हर्टरवर दिवे आणि दोन पंखे. वीस मिनिटांत आईच्या कपाळावर घाम, अर्ध्या तासात आत बसवेना. मी खुर्चीवर चढून फॉल्स सीलिंगला तळवा लावला, तर तापाने फणफणलेल्या पोराचं कपाळ लागावं तसं. भिंतीला हात लावला तर ती कोमट. म्हणजे भिंतींत पफचा (उष्णता अडवणाऱ्या फोमचा) थर चांगला आहे आणि छतात कमी घातलाय. नेमकं उलटं हवं. ऊन दिवसभर पडतं ते छतावर. शिवाय ती देखणी काच न उघडणारी, वारा येणार तो फक्त दोन टोकांच्या दारांतून. मधे बाथरूम आडवी असल्याने तोही पार होत नाही. आईला उचलून आम्ही जांभळाखाली खाट टाकली आणि पाच वाजेपर्यंत तिथेच बसलो. सत्तर ओलांडलेलं माणूस, लहान बाळ बरोबर असेल तर मे महिन्यात ही जागा घेऊ नका, हे मी मालकालाही फोनवर सांगितलं.

याला उपाय अवघड नाही. मूळ छतावर फूट-दीड फूट मोकळी जागा सोडून दुसरं पत्र्याचं छप्पर, मधून वारा खेळता राहील असं. आणि वरून पांढरा रंग. गावाकडे पत्र्याच्या घरावर उन्हाळ्यात पेंढा टाकतात तो काही उगाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळात गेलो. जाडजूड दगडी भिंतींच्या आत पाय टाकला आणि तळपायातून गारवा वर चढला. बायको तिथे खांबाला टेकून बराच वेळ नुसती बसून राहिली. परतताना भंडारदऱ्याच्या विल्सन धरणाच्या भिंतीवरूनही तेच मनात येत होतं. १९१० ते १९२६ बांधकाम चाललं, दगडाला ऊन-पावसाचं काही वाटत नाही. पोलादाला सगळंच वाटतं. तापायला वेळ लागत नाही, निवायलाही लागत नाही, आणि त्यातूनच त्याचा दुसरा त्रास सुरू होतो.

तो त्याच रात्री कळला. त्याआधी संध्याकाळी साडेसहाला आभाळ काळवंडलं, वळीव आला. विजा अशा की आई म्हणाली, "लोखंडाच्या पेटीत बसवलंस रे मला." तिची भीती खोटी नव्हती. पण बंद पोलादी पेटीत माणूस सुरक्षित असतो, वीज बाहेरच्या अंगाने जमिनीत जाते, भिंतींना चिकटून बसायचं नाही इतकंच. मला काळजी होती ती घरातल्या वायरिंगची. सबंध घरच पोलादाचं, एखादी वायर कुठे घासून उघडी पडली तर चारी भिंतींत करंट. म्हणून आल्या दिवशीच मी अर्थिंग बघून घेतलं होतं. खालच्या दोन कोपऱ्यांच्या ठोकळ्यांना जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) पट्टी बोल्ट करून मीठ-कोळशाच्या खड्ड्यात नेली आहे, बोर्डात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारी कळ) आहे, तिचं टेस्ट बटण दाबलं तर खटका लगेच पडला. हे मी प्रत्येकाला सांगतो: खोली मिळाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत हे बटण दाबा. खटका पडला नाही तर सामान उतरवू नका.

पाण्याचा आवाज त्या छतावर जबरदस्त. एकमेकांशी बोलायचं तर ओरडून बोलावं लागत होतं. पण आईला तो आवाज आवडला, तिच्या माहेरी मुरूडला पत्र्याचं घर होतं. आणि मग खिडकीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातून, जिथे आदल्या दुपारी उजेडाची रेघ होती तिथूनच, पाणी आलं. आधी फ्रेमच्या पांढऱ्या पट्टीवर एक थेंब लोंबला, जाडजूड झाला, सुटला. मागोमाग दुसरा. मग ओघळ धरून गादीच्या कडेवर. दादा भिजत आले, बाहेरून प्लास्टिक लावलं, गादी बदलून दिली, तीन वेळा माफी मागितली. माणूस फार चांगला. चूक त्यांची नव्हती, वर्षातून दोनदा सिलिकॉन तपासायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मी वहीत लिहून दिलं: अक्षय्यतृतीयेच्या सुमारास एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा.

रात्री हवा गार झाली. आम्ही दारं लावून झोपलो. पहाटे पाचला जाग आली ती गालावर थेंब पडून. वाटलं पुन्हा गळलं. बॅटरी मारली तर पाऊस केव्हाच थांबलेला. पलंगाच्या डोक्याकडची भिंत यांनी मुद्दाम उघडी ठेवलीय, आत अस्तर नाही, मूळची पन्हाळी दिसावी म्हणून. त्या प्रत्येक पन्हाळीवर घामाचे बारीक थेंब जमले होते, वरून खाली, दवाने भरलेल्या गवतासारखे. तिघांचा रात्रभराचा श्वास, आंघोळीच्या पाण्याची वाफ, आणि बाहेरून गार पडलेलं पोलाद. जहाजावर हेच होतं. सिंगापूरला दमट हवेत भरलेला बॉक्स थंड प्रदेशात गेला की छतातून आत पाऊस पडतो आणि कॉफीची पोती कुजतात. आम्ही त्याला कंटेनर रेन म्हणायचो. मालासाठी पिशवीतली ओल शोषणारी भुकटी टांगतात. माणसासाठी उपाय एकच, आतून एक इंचसुद्धा पोलाद उघडं ठेवायचं नाही आणि वर हवा जायला झडप ठेवायची. शोभेसाठी उघडी ठेवलेली ती भिंत झाकायलाच हवी. हे मी मालकाला जरा चढ्या आवाजात सांगितलं, पण त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

बाकीचं थोडक्यात. बाथरूम स्वच्छ, गरम पाणी भरपूर, फक्त उतार दाराकडे असल्याने पाणी उंबऱ्याशी साचतं. आतली रुंदी अस्तर धरून सात फुटांच्या थोडी वर, त्यामुळे पाच फुटी पलंग भिंतीला टेकवावा लागतो आणि भिंतीकडे झोपणाऱ्याला रात्री उठायचं तर दुसऱ्याला ओलांडून यावं लागतं. पण उंची छान आहे, पंखा डोक्याला लागेल अशी भीती नाही. साध्या साडेआठ फुटी डब्यात अस्तर आणि सीलिंग घातल्यावर उंच माणसाला कोंडल्यासारखं होतं, म्हणून बुकिंगच्या आधी हाय क्यूब आहे का एवढं विचाराच. जेवण गावातल्या मावशी करून आणतात. तांदळाची भाकरी, गावठी कोंबडीचा रस्सा, आईसाठी पिठलं, आणि वाडग्यात करवंदं. ते जेवण शहरातल्या कुठल्याही हॉटेलपेक्षा सरस. पैसे थेट मावशींच्या हातात जातात, हे मला विशेष आवडलं.

काजव्यांचं सांगायचं राहिलं. पहिल्या रात्री आवारात पांढरे फ्लडलाइट जळत होते. हा सगळा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या कडेचा. काजव्यांचे नर-मादी एकमेकांना उजेडाच्याच खुणेने शोधतात, त्यात आपण दिवे लावले तर त्यांची भेटच होत नाही. मी दादांना विनंती केली आणि त्यांनी लगेच मेन स्विच पाडला. पायरीजवळचा एक पिवळा दिवा तेवढा ठेवला. दहाएक मिनिटांनी समोरचं हिरड्याचं झाड लुकलुकायला लागलं, आधी खालच्या फांद्या, मग शेंड्यापर्यंत, सगळं एकदम पेटायचं आणि एकदम विझायचं. आई खाटेवर बसून पदर तोंडाशी धरून बघत होती. "लहानपणी आमच्या वाडीत असायचे," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या रात्री मालकाने स्वतःच दिवे लावले नव्हते. आता दर हंगामात आठनंतर आवारात अंधार ठेवणार असं तो म्हणाला.

परत आल्यावर पंधरा दिवसांनी त्याने फोटो पाठवले. खिडकीची फ्रेम पुन्हा खरवडून सील केलीय, बाहेरून वर पत्र्याची पडवीही बसवलीय. दुसऱ्या छपराचा सांगाडा उभा राहिलाय, पत्रे पावसाळ्यानंतर. उघड्या भिंतीचं काम मात्र अजून नाही, तिथे त्याचा जीव अडकलाय, फोटो तिथलेच जास्त काढले जातात म्हणे. मी त्याला पुन्हा एकदा समजावून लिहिलंय.

आईला डिसेंबरात परत जायचंय. थंडीत तो डबा कसा वागतो ते मलाही बघायचं आहे. तिची अट एकच होती. डबा जमिनीपासून दीड हात उंच चौथऱ्यावर ठेवलाय, ते योग्यच, खालून हवा खेळते आणि गंज धरत नाही. पण चढायच्या तीन पायऱ्यांना धरायला काही नव्हतं, ती दर वेळी माझ्या खांद्याचा आधार घेत होती. शेवटच्या फोटोत त्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी पाइपाचा कठडा आहे. आईने चष्मा लावून तो फोटो दोनदा मोठा करून पाहिला आणि विचारलं, "हलत नाही ना रे?"